दहा कोटींत तुम्ही कितवे?

दहा कोटी माणसं एका रांगेत उभी करा. प्रत्येकाला अर्धा मीटर जागा द्या. रांग पन्नास हजार किलोमीटर लांब होईल. विषुववृत्तावरून पृथ्वीला एक वेढा घालायला ४०,०७५ किलोमीटर पुरतात, म्हणजे आपली रांग पूर्ण वेढा घालून आणखी जवळपास दहा हजार किलोमीटर पुढे जाईल. ताशी पाच किलोमीटर वेगाने, न झोपता, न थांबता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलात तर दहा हजार तास लागतील. ४१६ दिवस आणि वर काही तास.

आता समजा, ही रांग एखाद्या ऑनलाइन खेळातल्या खेळाडूंची आहे आणि गुणांच्या उतरत्या क्रमाने लावली आहे. तिला दोन प्रश्न विचारायचे आहेत. पहिले दहा कोण? आणि मी कितवा? ऐकायला हे प्रश्न सख्खी भावंडं वाटतात. पण पहिल्याचं उत्तर रांगेच्या सुरुवातीच्या पाच मीटरांत मिळतं, आणि दुसऱ्यासाठी तुमच्यापुढे किती जण उभे आहेत ते मोजावं लागतं. तुम्ही मधोमध असाल तर पाच कोटी.

शिवाय ही रांग एका जागी थांबत नाही. प्रत्येक खेळाडूचे गुण दर दहा मिनिटांनी एकदा बदलतात असं धरलं, तर सेकंदाला सुमारे १,६६,६६७ माणसं आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन उभी राहतात. तरीही मोबाइल हातात घेतलेल्या प्रत्येकाला दोन्ही उत्तरं एकाच पडद्यावर, डोळ्याची पापणी लवायच्या आत हवी असतात. ती मिळतातही. कशी मिळतात, ते आकड्यांनीच सांगण्यासारखं आहे.

९४६ खंडांचा आकडा

दहा माणसांच्या रांगा किती वेगवेगळ्या प्रकारे लावता येतात? ३६,२८,८०० प्रकारे. पत्त्यांच्या ५२ पानांचे क्रम किती, तर तो आकडा ६८ अंकी आहे. दहा कोटी माणसांच्या रांगांचा आकडा लिहायला घेतला तर त्यात ७५ कोटी ६५ लाखांहून जास्त अंक येतात. एका पानावर दोन हजार अंक आणि एका पुस्तकात चारशे पानं धरली, तर तो नुसता लिहून काढायला ९४६ खंड लागतील. भिंतभर कपाटं. आणि तो आकडा जितक्या रांगा सांगतो, त्यांतली एकच रांग बरोबर.

ती शोधायला दोन-दोन खेळाडूंची तुलना करत जायचं म्हटलं, तर गणित एक किमान मर्यादा घालून देतं. कितीही हुशार पद्धत वापरली तरी सर्वसाधारणपणे २५१ कोटी तुलना कराव्याच लागतात. ९४६ खंडांच्या आकड्यापुढे २५१ कोटी काहीच नाहीत, आणि क्रम लावण्याचं शास्त्र किती प्रभावी आहे ते यावरून कळतं. पण कोणीतरी 'मी कितवा?' विचारलं की दर वेळी २५१ कोटी तुलना करायच्या, हे कुठल्याही सर्व्हरला झेपणारं नाही. एकदा लागलेला क्रम जपायचा आणि प्रत्येक बदलाबरोबर थोडा-थोडा दुरुस्त करायचा, एवढाच मार्ग उरतो. क्रम लावण्याचं काम प्रश्न येतो तेव्हा करायचं नसतं. ते नोंद लिहिताना करून ठेवायचं असतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

क्रम कुठे राहतो?

मोठ्या कंपन्यांचा डेटा एका मशीनवर मावेनासा झाला, तेव्हा नोएसक्यूएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डेटाबेसची पिढी आली. गूगलने २००६ मध्ये बिगटेबलवरचा शोधनिबंध मांडला, अ‍ॅमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमोवरचा. २००८ मध्ये फेसबुकने कॅसँड्रा सगळ्यांसाठी खुला केला. डायनॅमोच्या निबंधाच्या लेखकांपैकी एक अविनाश लक्ष्मण. त्यांनीच पुढे प्रशांत मलिक यांच्यासोबत कॅसँड्रा घडवला. ही पिढी आज कुठवर पोचली आहे? अ‍ॅमेझॉनच्या २०२४ च्या प्राइम डे विक्रीत तिच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसने एका सेकंदात १४ कोटी ६० लाख विनंत्या हाताळल्या. भारतातल्या प्रत्येक माणसाने, तान्ह्या बाळासकट, दर दहा सेकंदांना एक विनंती पाठवावी, तसा हा वेग.

तो मिळतो कामाच्या वाटणीतून. डायनॅमोडीबी आणि कॅसँड्रामध्ये प्रत्येक नोंदीच्या कीचे, म्हणजे तिच्या ओळखखुणेचे, दोन भाग करता येतात. पहिला भाग नोंद कुठल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डेटाच्या कुठल्या तुकड्यात, जाणार ते ठरवतो, दुसरा भाग त्या पार्टिशनच्या आत ती कितव्या जागी बसणार ते. पहिल्या भागाचं हॅशिंग होतं. कॅसँड्रामध्ये त्यातून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ शक्य आकड्यांपैकी एक निघतो आणि त्यावरून मशीन ठरतं. ९५० आणि ९५१ हे शेजारी आकडे हॅशिंगनंतर दोन टोकांच्या मशीनवर जाऊ शकतात. बोजा सगळीकडे सारखा पसरतो, पण क्रम मोडतो. क्रम शिल्लक राहतो तो फक्त एका पार्टिशनच्या आत.

म्हणून इथे टेबल मांडण्याची रीत उलटी आहे. मी नवीन टेबल मांडायला बसते तेव्हा आधी कागदावर प्रश्न लिहून काढते: कोण विचारणार, काय विचारणार, सेकंदाला किती वेळा, आणि उत्तरात किती ओळी लागणार. नोंदीत कुठले रकाने असतील हे त्यानंतर. जे एका क्रमाने वाचायचं आहे ते एका पार्टिशनमध्ये हवं. आणि पार्टिशनला मर्यादा असतात. डायनॅमोडीबीचं एक पार्टिशन सेकंदाला १,००० लिहिण्याचे आणि ३,००० वाचण्याचे एकक पेलतं, आणि एक क्वेरी एका खेपेत जास्तीत जास्त १ एमबी परत देते.

हे न पाहता टेबल मांडलं तर काय होतं? दर खेळाडूची नोंद शंभर बाइटची धरू. दहा कोटी नोंदी म्हणजे १० जीबी. 'मी कितवा?' साठी सगळं टेबल वाचायचं म्हटलं तर १ एमबीच्या दहा हजार खेपा. एका पार्टिशनच्या वेगाने, स्वस्तातल्या वाचनाने, सेकंदाला २४ एमबी. म्हणजे एका माणसाच्या एका प्रश्नाला सात मिनिटं. एक लाख लोकांनी विचारलं तर वाचायचा डेटा होतो १० लाख जीबी. एक पेटाबाइट, आणि त्यातून हाती येणार फक्त एक लाख आकडे.

दहा आधी की नऊ?

क्रम जपायचा म्हणजे की नीट लिहायची. इथे एक साधी चूक भल्याभल्यांकडून होते. बिगटेबलच्या घराण्यातल्या डेटाबेसमध्ये की म्हणजे बाइट्सची नुसती माळ. डेटाबेस ती शब्दकोशासारखी डावीकडून एकेक अक्षर पाहत लावतो. त्याला '९' आणि '१०' दाखवा. पहिल्या अक्षरात १ हा ९ च्या आधी येतो, म्हणून तो १० आधी लावतो आणि ९ नंतर. मग उतरत्या यादीत ९५० गुणांचा खेळाडू दहा हजार गुणांच्या खेळाडूच्या पुढे जातो.

उपाय आपल्या आजोबांच्या हिशेबाच्या वहीतल्यासारखा आहे: रकाना ठरलेल्या रुंदीचा ठेवा. सात अंकांची रुंदी घेतली तर ९५० लिहायचे ००००९५० आणि दहा हजार लिहायचे ००१००००. आता अक्षरांचा क्रम आणि आकड्यांचा क्रम एकच झाला. मोठा आकडा वर हवा असेल तर गुण ९९,९९,९९९ मधून वजा करून लिहायचे. ९५० चे होतात ९९९९०४९, दहा हजारांचे ९९८९९९९. आता दहा हजारवाला आपोआप आधी येतो आणि 'पहिले दहा' म्हणजे सुरुवातीच्या दहा ओळी. कॅसँड्रामध्ये ही वजाबाकी करावी लागत नाही. टेबल तयार करतानाच क्रम उतरता हवा असं सांगून ठेवता येतं.

मग बरोबरीचा प्रश्न. दोघांचे गुण सारखे असतील तर आधी पोचलेला वर. यासाठी गुणांना वेळ जोडून एकच आकडा करतात, आणि इथे आणखी एक खोल खड्डा आहे. रेडिस हा मेमरीत चालणारा डेटाबेस लीडरबोर्डसाठी फार वापरला जातो. तो गुण ज्या प्रकारच्या आकड्यात साठवतो, त्यात पूर्णांक ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच हमखास अचूक राहतात. हा आकडा नव्वद लाख अब्जांहून मोठा आहे. कधी संपेल असं वाटत नाही. पण मिलिसेकंदांत मोजलेली आजची वेळ १३ अंकी असते. गुणांना दहा लाख कोटींनी गुणून त्यात ही वेळ बसवली, की ती मर्यादा ९०० गुणांवरच संपते. त्यापुढे एका मिलिसेकंदाच्या अंतराने पोचलेले दोघे एकाच आकड्यावर येऊन बसू शकतात, आणि आधी कोण आलं ते कायमचं पुसलं जातं. वेळ १९७० पासून न मोजता चालू महिन्याच्या पहिल्या क्षणापासून मोजली तर? ३१ दिवसांत २६७ कोटी ८४ लाख मिलिसेकंद असतात, म्हणजे दहा अंक पुरले. गुणांची मर्यादा ९०० वरून थेट नऊ लाखांवर जाते. वेळ कुठून मोजायला लागायचं, एवढ्या एका निर्णयाने हजारपट जागा मिळाली.

वेळेनुसार लावलेला क्रमही क्रमच असतो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर कुठलंही चॅनेल उघडलं की सगळ्यांत ताजे संदेश आधी दिसतात. २०१७ च्या सुरुवातीला तिथे दिवसाला १२ कोटी संदेश येत होते. त्यांनी कॅसँड्रामध्ये पार्टिशन केलं चॅनेल आणि दहा दिवसांचा टप्पा मिळून, आणि आतला क्रम लावला संदेशाच्या आयडीने. या आयडीच्या सुरुवातीलाच वेळ गुंफलेली असते, त्यामुळे आयडीचा क्रम हाच काळाचा क्रम. एखाद्या चॅनेलवर कितीही वर्षं गप्पा चालल्या तरी पार्टिशन दहा दिवसांच्या पुढे वाढत नाही. पुढे संदेश लाखो कोटींत गेले, कॅसँड्राची मशीन १७७ झाली, आणि त्यांनी सगळा साठा ७२ मशीनवर चालणाऱ्या सिलाडीबी या डेटाबेसवर हलवला. सेकंदाला ३२ लाखांपर्यंत संदेश, नऊ दिवस. तो वेग सलग नऊ दिवस टिकला असं धरलं तर हिशेब होतो जवळपास अडीच लाख कोटी संदेशांचा.

चारशे रांगा

आपल्या दहा कोटींकडे परत येऊ. सगळे खेळाडू एका पार्टिशनमध्ये, गुणांच्या क्रमाने. 'पहिले दहा' एका झटक्यात मिळतील. पण लिहिताना काय होईल? इथे गुण हाच कीचा भाग असल्याने गुण बदलले की जुनी ओळ पुसायची आणि नवी लिहायची. एका बदलाला दोन लेखनं. सेकंदाला १,६६,६६७ बदल म्हणजे ३,३३,३३४ लेखनं, आणि पार्टिशनची ताकद १,०००. तेव्हा किमान ३३४ पार्टिशनं लागतात. थोडी मोकळीक ठेवून चारशे घेऊ आणि खेळाडू त्यांत वाटून देऊ. एका रांगेच्या चारशे रांगा झाल्या, प्रत्येक आतून क्रमात.

पहिले दहा आता कसे काढायचे? प्रत्येक रांगेकडून तिचे पहिले दहा मागवायचे. प्रत्येकीकडून दहाच का? कारण सगळ्यांतले सर्वोत्तम दहाही जण योगायोगाने एकाच रांगेत असू शकतात. नऊ मागवले तर एक निसटेल. आणि दहापेक्षा जास्तही नकोत, कारण आपल्याच रांगेत जो अकरावा आहे तो एकूण यादीत दहाव्याच्या वर जाऊच शकत नाही. चारशे गुणिले दहा, चार हजार ओळी. ४ लाख बाइट. सगळं टेबल वाचण्याच्या तुलनेत पंचवीस हजारपट कमी. हे चार हजार सेकंदातून एकदा मागवायचे, त्यांतले दहा निवडायचे, आणि तीच यादी दहा कोटी पडद्यांवर दाखवायची.

फास्ट लोकलने मोजणी

उरला 'मी कितवा?'. मध्य रेल्वेच्या लोकलने जाणाऱ्यांनी याचं उत्तर रोज अनुभवलेलं असतं. सीएसएमटीपासून कांजुरमार्ग कितवं स्टेशन आहे ते मोजा. स्लो लोकलने एकेक स्टेशन घेतलं तर चौदा टप्पे. फास्टने गेलात तर भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर असे चार टप्पे, मग उतरून स्लो पकडायची, विक्रोळी आणि कांजुरमार्ग. सहा टप्पे. आणि फास्टच्या प्रत्येक टप्प्यावर किती स्टेशनं ओलांडली हे आधीच लिहून ठेवलं असेल, तर मोजायला खिडकीबाहेर बघावं लागत नाही: सीएसएमटीचा १, मग ३, ४, ३, २, आणि स्लोचे १ आणि १. बेरीज १५. कांजुरमार्ग पंधरावं.

याच रचनेला स्किप लिस्ट म्हणतात. विल्यम प्यू या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने ती १९९० मध्ये सविस्तर मांडली. साल्वातोरे सानफिलिप्पो या सिसिलीच्या प्रोग्रॅमरने २००९ मध्ये रेडिस आणला. त्यातल्या क्रमवार याद्या याच रचनेवर चालतात. कुठल्या स्टेशनवर फास्ट थांबणार हे तिथे नशिबावर सोडलेलं असतं: प्रत्येक नोंदीला वरच्या मार्गावर जागा मिळण्याची शक्यता चारात एक, त्याच्याही वरच्या मार्गावर पुन्हा चारात एक. दहा कोटींसाठी असे तेरा-चौदा मार्ग एकावर एक उभे राहतात. कोणी बसून आखणी केलेली नसते, तरी सरासरीने काही डझन उड्यांत कुठलाही खेळाडू सापडतो, आणि ओलांडलेल्यांची बेरीज म्हणजेच त्याचा क्रमांक. ४१६ दिवसांची चाल काही डझन उड्यांवर येते.

क्रमांक म्हणजे बेरीज

पण यादी एका मशीनच्या मेमरीत मावणारी नसेल तर? तेव्हा एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, जी मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. 'मी कितवा?' हा प्रश्न मुळात क्रम लावण्याचा नाहीच. तो मोजण्याचा आहे.

२०२४ ची नीट परीक्षा घ्या. २३,३३,२९७ विद्यार्थी बसले. १८० प्रश्न सोडवायचे, बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. म्हणजे गुण उणे १८० ते ७२० यांच्यामध्येच. फार तर ९०१ वेगळे आकडे. सरासरी काढली तर एकेका गुणावर सुमारे २,५९० विद्यार्थी. गर्दी अर्थातच सगळीकडे सारखी नसते, पण बरोबरी अटळ असते. ४ जूनच्या पहिल्या निकालात ६७ जण पहिल्या क्रमांकावर होते. अखेरच्या सुधारित निकालात १७ राहिले. आता ९०१ मोजणीचे आकडे ठेवा, प्रत्येक गुणावर किती जण आहेत एवढेच. एखाद्या मुलीला ६१२ गुण असतील, तर ६१३ ते ७२० पर्यंतच्या आकड्यांची बेरीज करा आणि एक मिळवा. १०८ आकडे, आणि ती तिच्या गुणांवरच्या सगळ्यांसह कितवी हे समोर. विद्यार्थी २३ लाख असोत की २३ कोटी, बेरीज तेवढीच राहते.

आपल्या खेळात गुण ९,९९,९९९ पर्यंत जातात असं धरू. दहा लाख आकडे एकेक करून मिळवणं जड जाईल. म्हणून मोजण्या पायऱ्यांनी ठेवायच्या: कुठल्या लाखात किती खेळाडू, त्या लाखातल्या कुठल्या दहा हजारांत किती, मग हजार, शेकडा, दशक, एकक. सगळ्या मिळून ११,११,११० मोजण्या. क्रमांक काढताना प्रत्येक पायरीवर आपल्या वरच्या घरांची बेरीज, फार तर नऊ आकडे. सहा पायऱ्या, फार तर ५४ आकडे. आणि गुण बदलले की जुन्या वाटेवरच्या सहा मोजण्यांतून एक वजा, नव्या वाटेवरच्या सहांत एक अधिक.

वरच्या पायरीच्या दहा मोजण्यांवर मात्र सगळ्यांचे बदल येऊन आदळतात, म्हणून सर्व्हर सेकंदभराचे बदल आपल्याकडे साठवून त्यांची एकच बेरीज लिहितात. त्यामुळे तुम्हाला दिसणारा क्रमांक एखाद्या सेकंदाने शिळा असतो. दहा कोटींच्या मधोमध उभ्या असलेल्याला त्याने फरक पडत नाही. पहिल्या दहांतल्याला पडतो, म्हणून त्यांची यादी चारशे रांगांमधून वेगळी येते. दोन प्रश्न, दोन मांडण्या. त्यांना एकाच टेबलात कोंबण्याचा हट्ट सोडला की दोन्ही सोपे होतात.

रात्री उशिरा एखादी मुलगी शेवटचा डाव संपवते आणि पडद्यावर आकडा येतो: ४,९९,८७,३१२. पुढे जवळपास पाच कोटी माणसं, पंचवीस हजार किलोमीटरची रांग. ती रांग कोणी चालून पाहिली नाही. तिने विचारलं तेव्हा फार तर ५४ आकड्यांची बेरीज झाली, आणि ते आकडे तयार झाले होते तिच्या पुढच्या प्रत्येकाने आपले गुण मिळवले तेव्हाच: सहा मोजण्यांतून एक कमी, सहांत एक जास्त.